रात्री तीनचे १७८ वॅट: एका घराच्या वीजवापराची बिनतारी नोंद

माझ्या मावशीचं घर कराडजवळ आहे. तळमजला आणि त्यावर एक मजला, राहणारी माणसं दोनच, मावशी आणि काका. वर्षानुवर्षं लाइट बिल १८५ ते १९५ युनिटच्या मध्ये यायचं. गेल्या ऑक्टोबरचं ३०४ आलं, नोव्हेंबरचं ३१८. घरात नवीन वस्तू एकही आलेली नव्हती.

कारणं सांगणारे पुष्कळ भेटले. मावशी म्हणाली, मीटर पळतंय. काकांचा रोख फ्रीजवर, कारण तो सोळा वर्षांचा. शेजाऱ्यांना वाटत होतं की कुणीतरी लाइनवर आकडा टाकलाय, आणि गावातला वायरमन म्हणाला, अर्थिंगमधून लीक होतंय. दिवाळीला गेलो तेव्हा मावशीने सगळी बिलं माझ्यासमोर ठेवली. "तू दिवसभर त्या सर्किटांत असतोस ना, मग हे शोधून दे," एवढंच म्हणाली.

महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. ३०१ वं युनिट लागलं की सगळंच बिल वरच्या दराने येतं असा पुष्कळांचा समज आहे, मावशीचाही होता. तसं नसतं, वरचा दर फक्त टप्प्यापुढच्या युनिटांना लागतो. तरीही शंभराच्या पुढचं प्रत्येक युनिट पहिल्या शंभरापेक्षा बरंच महाग पडतं, आणि मावशीचे जादा युनिट सगळे त्याच महाग भागातले होते.

कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी मी एक प्रश्न ठरवला. वीज कुठे जाते हे विचारायचं नाही, जादा वीज कधी जाते ते विचारायचं. कुठे जाते असं विचारलं की प्रत्येक प्लगला एक मोजणारं यंत्र लागतं. गिझर, मोटर, मिक्सर, टीव्ही धरले तर दहा-बारा यंत्रं झाली, आणि त्यातली निम्मी महिन्याभरात कुणीतरी काढून ठेवणार. कधी जाते हे कळायला मेन स्विचनंतर एकच सेन्सर पुरतो. वेळ कळली की जागा आपोआप सापडते, असा माझा अंदाज होता. तो बराचसा खरा ठरला, जिथे ठरला नाही ते पुढे येईलच.

मीटरला हात लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरवलं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, त्याच्याशेजारी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुक झाल्या की एक युनिट. त्या दिव्यावर प्रकाशाचा सेन्सर चिकटवून वीज मोजणारे लोक आहेत, आणि पद्धत म्हणून ती चांगली आहे. पण २००३ च्या वीज कायद्यात मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे. सील न तोडता नुसता सेन्सर चिकटवला तरी तपासायला आलेल्या माणसाला ते पटवून देण्याची वेळ मावशीवर आली असती. म्हणून मीटर फक्त डोळ्यांनी वाचायचं आणि आपलं यंत्र मेन स्विचच्या पुढे, घराच्या हद्दीत बसवायचं.

पहिलं यंत्र

पहिला प्रयत्न बहुतेकजण करतात तोच केला. एससीटी-०१३ नावाचा चिमट्यासारखा करंट ट्रान्सफॉर्मर मिळतो. वायर तोडावी लागत नाही, चिमटा उघडून वायरभोवती बसवायचा. १०० अँपिअरला तो ५० मिलीअँपिअर देतो, म्हणजे गुणोत्तर २०००. त्याच्या टोकांना रेझिस्टर लावायचा, त्यावरचा व्होल्टेज ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरने वाचायचा.

रेझिस्टरचा हिशोब असा. घराची कमाल ३० अँपिअर धरली तर लाटेचा शेंडा ४२.४ अँपिअर. भागिले २०००, म्हणजे २१.२ मिलीअँपिअर. ईएसपी३२ ला ३.३ व्होल्टपर्यंत वाचता येतं, लाट मध्यावर बसवली की वर-खाली १.६५ व्होल्ट. भागाकार ७७.८ ओहम येतो, बाजारात मिळणारा त्याखालचा ६८. लावला.

बसवला आणि आकडा आला शून्य. गिझर चालू, मोटर चालू, तरी शून्य. अर्धा तास प्रोग्रॅम तपासत बसलो. मग टॉर्च मारून पाहिलं तर चिमटा मी दोन्ही वायरींभोवती लावलेला, फेज आणि न्यूट्रल एकदमच. जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, बाहेर काहीच उरत नाही. चिमटा एकट्या फेजवर घेतला आणि आकडे धावायला लागले.

पण ते आकडे विश्वासाचे नव्हते. १२ बिटच्या मोजणीत, म्हणजे ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग पाडले तर, एक पायरी ०.८ मिलीव्होल्टची. ६८ ओहम आणि २००० चं गुणोत्तर लावलं तर एक पायरी २३.७ मिलीअँपिअरची, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेपाच वॅट. त्यावर वायफायचा गोंगाट. सगळे एमसीबी पाडले तरी यंत्र ४५ ते ६० वॅट दाखवत होतं. गिझरचे २००० वॅट मोजायचे तर ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. मला शोधायचे होते महिन्याचे शंभरेक युनिट, आणि तेवढे युनिट चोवीस तास चालणारा दीडशे वॅटचा भारही खाऊ शकतो. ज्या तराजूची चूक पन्नास, त्यावर दीडशेचं माप काय घ्यायचं!

दुसरी चूक याहून मोठी होती. मी फक्त करंट मोजत होतो आणि त्याला २३० ने गुणत होतो. त्या घरात संध्याकाळी व्होल्टेज २०५ पर्यंत उतरतो. शिवाय फ्रीजचा कॉम्प्रेसर, जुना इन्व्हर्टर, एलईडी दिवे यांचा करंट व्होल्टेजच्या लाटेबरोबर चालत नाही, मागेपुढे होतो किंवा वेडावाकडा असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर हा आकडा त्यांच्या बाबतीत खऱ्या वॅटपेक्षा खूप मोठा निघतो. घराचं मीटर मोजतं खरे वॅट. माझं यंत्र मोजत होतं काहीतरी तिसरंच.

म्हणून ते काढलं आणि पीझेम-००४टीची तिसरी आवृत्ती लावली. हे मोजणीचं तयार सर्किट आहे. व्होल्टेज आणि करंट एकत्र मोजून खरे वॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा), फ्रिक्वेन्सी आणि एकूण युनिट असं सगळं मॉडबस या यंत्रांच्या ठरीव भाषेत सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने देतं. व्होल्टेज ८० ते २६० पर्यंत चालतो, करंट १०० अँपिअरपर्यंत, अचूकता अर्धा टक्का. ते एक वॅटही धरतं. छतावर सोलर असतं तर हे चाललं नसतं, कारण वीज घरात येतेय की बाहेर जातेय हे त्याला कळत नाही. मावशीकडे सोलर नाही.

जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेतली, आणि हे मी मुद्दाम लिहितोय. पीझेमच्या पट्टीवर २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. व्होल्टेजच्या वायरीत छोटा फ्यूज हवा, सगळं प्लास्टिकच्या बंद पेटीत हवं. मेन स्विच पाडला तरी त्याच्या मीटरकडच्या टोकांना वीज असतेच, हे विसरून माणसं दगावतात. शिवाय ईएसपी३२ ला ५ व्होल्टचा सिग्नल सहन होत नाही, त्यामुळे पीझेमकडून येणाऱ्या वायरीत ५ चे ३.३ व्होल्ट करणारी छोटी पट्टी टाकली.

मग खरं-खोटं करायची वेळ आली. मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि बरोबर सात दिवसांनी त्याच वेळी पुन्हा वाचला. मीटरने ७४.१ युनिट मोजले होते, आमच्या यंत्राने ७३.५. फरक एक टक्क्याच्या आत. घरगुती मीटर एक टक्का वर्गातलंच असतं. मावशीची मीटर पळत असल्याची तक्रार तिथेच मिटली, आणि हे तिला स्वतःला वहीतल्या दोन आकड्यांवरून पटलं याचं मला समाधान वाटलं.

लोखंडी पेटी

आता बिनतारी भाग. मीटर व्हरांड्यात, डीबी (मेन स्विच आणि एमसीबींची पेटी) त्याच्या मागच्या भिंतीत, आणि डीबी लोखंडी पत्र्याची. राउटर वरच्या मजल्यावर, कारण काकांचा कॉम्प्युटर तिथे. मध्ये एक स्लॅब. सरळ अंतर मोजलं तर बारा मीटरही नाही. तरी डीबीचं झाकण लावलं की सिग्नल उणे ८८ डीबीएमवर (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर) जायचा आणि दर काही मिनिटांनी जोडणी तुटायची. लोखंडी पेटीत रेडिओ ठेवल्यावर वेगळं काय होणार.

लोरा ही लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत वापरायचं मनात आलं होतं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, त्या लहरी भिंती-स्लॅबमधून २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या जातात. पुण्यातल्या सोसायटीत मीटर पार्किंगमध्ये आणि फ्लॅट सहाव्या मजल्यावर असेल तर मी लोराच घेईन. पण लोरा सावकाश बोलतं, आणि दर दहा सेकंदांनी बोलणारं यंत्र हवेचा बराच वेळ खातं. वर एक वेगळा रिसीव्हर लागतो तो लागतोच. बारा मीटरसाठी एवढं नको वाटलं. सेन्सरचा चिमटा डीबीतच ठेवला, त्याची वायर आणि फ्यूजमधून आलेली व्होल्टेजची वायर बाहेर काढली, आणि पीझेम व ईएसपी३२ ची प्लास्टिक पेटी डीबीच्या बाजूला भिंतीवर लावली. सिग्नल उणे ७१ वर आला आणि तिथे स्थिर राहिला.

माहिती पाठवायला एमक्यूटीटी घेतलं, म्हणजे यंत्रांनी छोटे निरोप पाठवायचं तंत्र. अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ते बनवलं ते तेलाच्या पाइपलाइनींसाठी, जिथे उपग्रहावरून मिळणारी जोडणी महागही आणि भरवशाची नाहीही. यातल्या स्टॅनफोर्ड-क्लार्कनी पुढे आइल ऑफ वाइटवरच्या आपल्या घराचा वीजवापर स्वतः असाच नोंदवला होता. आपल्याकडचं गावातलं वायफाय आणि तो उपग्रह यांचा स्वभाव सारखाच आहे, त्यामुळे निवड सोपी होती. वरच्या मजल्यावर एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), त्यावर निरोप घेऊन पोचवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ब्रोकर, मॉस्क्विटो, नोंदी ठेवायला इन्फ्लक्सडीबी, बघायला ग्राफाना. माहिती घराबाहेर कुठेही जात नाही. घर कधी झोपतं, कधी उठतं, कधी रिकामं असतं हे वीजवापरावरून कुणालाही कळतं. ते मावशीच्या घरातच राहिलेलं बरं.

वीज नाही आणि माहिती नाही

या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ कुठे गेला असेल तर तो लाइट जाण्यात. पीझेमचा मोजणारा भाग चालतो तो मोजायच्या विजेवरच. लाइट गेली की तो गप्प होतो, विचारलं तरी उत्तर देत नाही. ईएसपी३२ आणि राउटर मात्र इन्व्हर्टरवर असल्याने जागे. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये उत्तर आलं नाही की शून्य लिहिलं जायचं. वरवर बरोबर वाटतं, लाइट नाही तर वापर शून्य. पण एक दिवस पीझेमची वायर सैल झाली आणि प्रोग्रॅमने सहा तास शून्य लिहिले. त्या दिवसाची सरासरी छान कमी आली, आणि काका खूश होऊन म्हणाले, "बघ, लक्ष ठेवलं की वापर कमी होतो." त्यांना खरं सांगताना मला लाज वाटली.

त्यानंतर नोंदीच्या तीन अवस्था केल्या: वीज आहे, वीज नाही, माहिती नाही. दुसरा पीझेम इन्व्हर्टरच्या इनपुटवर लावला, तो ईएसपी३२ च्या वेगळ्या सिरीयल पोर्टवर. दोन्ही एकदम गप्प झाले तर लाइट गेली. एकच गप्प झाला तर त्याच्या वायरीत दोष. ईएसपी३२ च गप्प झाला तर एमक्यूटीटीचा ब्रोकर त्याच्या नावाने आधीच ठेवलेला शेवटचा निरोप लावतो आणि ग्राफानात तो भाग कोरा दिसतो. कोरा भाग आणि शून्य हे आलेखात वेगळे दिसलेच पाहिजेत.

दुसरा नियम मी मीटरकडूनच शिकलो. मीटर कधी सांगत नाही की या तासात इतके युनिट झाले. ते फक्त एकूण सांगतं. मधला महिनाभर कुणी वाचलं नाही तरी एकही युनिट हरवत नाही. पीझेममध्येही असा वाढत जाणारा आकडा असतो आणि वीज गेली तरी तो पुसला जात नाही. प्रत्येक निरोपात तात्कालिक वॅटबरोबर तो एकूण आकडा पाठवायचा, फरक नंतर काढायचा. मधले शंभर निरोप हरवले तरी एकशे एकाव्यात हिशोब पूर्ण होतो. वीज मोजणारं वायरलेस यंत्र करू पाहणाऱ्याला मी आधी हेच सांगेन.

तरीही दहा सेकंदांचा तपशील हरवू नये म्हणून ईएसपी३२ मध्येच साठवण ठेवली. एक नोंद ३० बाइटची, दिवसाच्या ८६४० नोंदी, म्हणजे दिवसाला अडीचशे किलोबाइटच्या थोडं वर. दीड मेगाबाइट जागेत पाच दिवस आरामात बसतात. २०१३ मध्ये दिल्लीच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी एका घराची वीज ७३ दिवस मोजली होती, आणि आपल्याकडे नेट आणि वीज दोन्ही बेभरवशाची, म्हणून आधी जागेवर साठवा, मग जमेल तसं पाठवा, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. मला ते जानेवारीत पटलं. वायफायवाल्याने राउटर बदलून दिला, पासवर्ड बदलला आणि कुणाला सांगितलंच नाही. चार दिवस यंत्राला वाट मिळाली नाही. पाचव्या दिवशी मी फोनवरून काकांना नवा पासवर्ड टाकायला लावला आणि चौतीस हजारांवर नोंदी वर चढल्या. काही निरोप दोनदा गेले, पण त्याच वेळेची नोंद इन्फ्लक्सडीबी त्याच जागी लिहितो, त्यामुळे दुप्पट काही झालं नाही. वेळेसाठी छोट्या सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ होतंच.

रात्री तीन

यंत्र नीट चालायला लागलं ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थंडी होती, पंखे बंद होते, हे फार सोयीचं झालं. दिवसाच्या आलेखात काहीच विचित्र नव्हतं. सकाळी गिझरचा उंच खांब, मग मोटर, मिक्सरचे काटे, संध्याकाळी टीव्ही. काकांचा फ्रीज तर अगदी शहाण्यासारखा वागत होता. ११० वॅट घ्यायचा, अठरा-वीस मिनिटं चालायचा, तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ थांबायचा.

मी रात्री दोन ते चारचा तुकडा मोठा करून पाहिला. सगळे झोपलेले. फ्रीजचे खांब एकामागून एक, आणि त्यांच्यामधली जमीन सपाट. पण ती जमीन शून्याजवळ नव्हती. १७८ वॅटवर होती.

घरात रात्री चालू काय असतं ते कागदावर लिहिलं. सेट टॉप बॉक्स ११ वॅट; टीव्ही बंद केला तरी तो चालूच असतो. राउटर, रास्पबेरी पाय आणि आमचं यंत्र मिळून १४. बेरीज २५. उरलेल्या १५३ ला धनी नव्हता.

इथे माझा वेळेचा अंदाज तोकडा पडला. जादा वीज कधी जाते याचं उत्तर मिळालं: सतत. आणि सतत चालणाऱ्या भाराला वेळेवरून ओळखता येत नाही. एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात मांडलेली, १९९२ च्या लेखामुळे सगळीकडे पोचलेली एक सुंदर पद्धत आहे. मेनवर एकच मापक लावायचा आणि वॅटच्या उड्यांवरून उपकरणं ओळखायची. २००० ची उडी म्हणजे गिझर, ११० ची म्हणजे फ्रीज. पण जे उपकरण कधी बंदच होत नाही ते उडी मारत नाही. त्याला आपणच बंद करून पाहावं लागतं.

तोवर दुसरा पीझेम आलेला नव्हता, तो या शोधानंतर लावला. म्हणून दुपारी मोबाइलवर आलेख उघडून काका एकेक एमसीबी पाडत गेले आणि मी आकडा वाचत गेलो. स्वयंपाकघर, काही नाही. वरचा मजला, काही नाही. शेवटी जिन्याखालच्या इन्व्हर्टरचा स्विच बंद केला आणि आकडा १७८ वरून ११ वर आला. १६७ ची घट. त्यातले राउटर वगैरेंचे १४ आता बॅटरीवर गेले होते. उरले १५३.

सहावा कप्पा

जिन्याखालचं दार उघडल्यावर आधी वास आला, आंबूस, नाकाला झोंबणारा. बॅटरीला हात लावला तर दुपारच्या उन्हात ठेवलेल्या पातेल्यासारखी गरम. इन्व्हर्टरवरचा चार्जिंगचा दिवा पेटलेला. मावशी मागे उभी होती. ती सहज म्हणाली, "ही फार पाणी पिते रे हल्ली. आठवड्याला दोन बाटल्या. पूर्वी दोन बाटल्या तीन महिने जायच्या. आणि गंमत म्हणजे हा कोपऱ्यातला कप्पा पाणी मागतच नाही."

तिने हे बॅटरीच्या दुकानात सांगितलं होतं. उत्तर मिळालं होतं की जुनी बॅटरी पाणी पितेच.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. कोपऱ्यातला तो कप्पा आतून शॉर्ट झाला होता. चार्जर साधारण १३.८ व्होल्ट धरून ठेवतो. सहा कप्प्यांत ते वाटले तर प्रत्येकाला २.३ व्होल्ट, अगदी ठीक. पाचच जिवंत असतील तर प्रत्येकाला २.७६, आणि तेवढ्या व्होल्टेजला पूर्ण भरलेला कप्पा वीज साठवत नाही, पाणी तोडत बसतो. चार्जर बिचारा बॅटरी भरायची वाट बघत राहतो आणि ती कधीच भरत नाही. मेलेल्या कप्प्यात मात्र वायू निघत नाही, म्हणून त्याचं पाणी संपत नाही. मावशीने रोगाचं निदान केलेलं होतं, फक्त ते कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

वायरमनकडे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर होता. बॅटरीच्या वायरीत साधारण ७ अँपिअर निघाले. एक अँपिअर-तास एका कप्प्यातलं ०.३४ ग्रॅम पाणी तोडतो. ७ अँपिअर, चोवीस तास, पाच कप्पे, सात दिवस: दोन लिटरला अगदी थोडं कमी. मावशीच्या दोन बाटल्या एकेक लिटरच्या होत्या. हा गुणाकार मी जिन्यात बसून मोबाइलवर केला आणि उत्तर पाहून क्षणभर बोलू शकलो नाही. दीड महिना मी ज्यासाठी सर्किटं जोडत होतो ते मोजमाप मावशी दर रविवारी बाटलीने करत होती.

या सगळ्यात बिल ही लहान गोष्ट होती. तुटलेल्या पाण्यातून हायड्रोजन निघतो. जिन्याखालची ती बंद खोली, एक ठिणगी, एवढंच पुरलं असतं. इन्व्हर्टरचा स्विच तसाच बंद ठेवला, दार उघडं टाकून वायू निघून जाऊ दिला आणि मगच वायरमनने बॅटरीच्या वायरी सोडवल्या. त्याच संध्याकाळी बॅटरी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात हायड्रोमीटर लावला तेव्हा पाच कप्प्यांत काटा हिरव्यात होता, सहाव्यात लाल रंगाच्या तळाशी. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर बॅटरीला महिन्यातून एकदा हात लावून बघा. कोमट ठीक, गरम नाही. आणि सगळे कप्पे साधारण सारखंच पाणी मागतात ना, तेही बघा.

नंतर

नवी बॅटरी पहिल्या दिवशी भरली. त्यानंतर रात्री तीनची जमीन ४७ वॅटवर बसली. त्यात इन्व्हर्टरचा स्वतःचा वाटा २२, जो पूर्वीही असणारच. म्हणजे जादा होते १३१ वॅट, दिवसाला तीन युनिटच्या थोडे वर, महिन्याला ९४. बिलातली वाढ ११४ आणि १२८ होती. ऑक्टोबरचे उरलेले वीस-एक युनिट कशाचे हे सांगता येत नाही, तेव्हा यंत्रच नव्हतं. नोव्हेंबरचे चौतीस मी दिवाळीच्या माळा आणि थंडीतल्या गिझरच्या खात्यावर टाकतो, पण तो अंदाज आहे, मोजमाप नाही.

स्मार्ट मीटर येतंयच, मग हा खटाटोप कशाला, असं काकांच्या मित्राने विचारलं. प्रश्न रास्त आहे. स्मार्ट मीटर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या नोंदी ठेवतं, आणि रात्रीची ही जमीन त्यातही दिसली असती. फ्रीजचे खांब पुसट झाले असते एवढंच. ज्यांच्या घरी ते बसलं आहे त्यांनी आधी त्याच नोंदी मिळवून रात्री दोन ते चारचा आकडा पाहावा, दुसरं काही विकत घेऊ नये. मावशीकडे जुनं मीटर आहे.

व्होल्टेजच्या नोंदीतून वेगळंच काही पुढे आलं. संध्याकाळी सात ते नऊ तो बहुतेक रोज २१० च्या खाली असतो, आणि बोअरची मोटर काका नेमकी तेव्हाच लावायचे. विजेवर काम करणाऱ्या पुण्याच्या प्रयास संस्थेने घराघरांत यंत्रं लावून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवला आहे, त्यामुळे या आकड्यांकडे कसं पाहायचं हे मला ठाऊक होतं. मोटर आता सकाळी साडेअकराला लागते. तिचा आवाज बदलला असं काका म्हणतात.

ग्राफानाचा आलेख मावशीने दोनदा पाहिला आणि फोन परत दिला. "मला ही नक्षी नको. आज किती झाले ते सांग." म्हणून आता रास्पबेरी पाय रोज रात्री नऊला तिच्या फोनवर एक ओळ पाठवतो: आजचे इतके, महिन्याचे इतके, रात्रीची जमीन इतकी. ज्या दिवशी माहिती अपुरी असते त्या दिवशी आकडा नसतो, "आज नोंद अपुरी" असं येतं. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर आहे, त्यावर ती दुधाचे खाडे लिहिते. त्याच चौकोनात, खाड्याच्या खाली, आता पेन्सिलीने युनिट लिहिलेले असतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा पाहिलं: ६.४, ६.१, ७.०, मग एक रेघ, आणि रेघेशेजारी बारीक अक्षरात "लाइट नव्हती, ५ तास".